सातखणी मनोरा आणि समुद्रातला बांध : अलिबाग ते राजपुरी, चार दिवस

पहिला दिवस : माघ शुद्ध दशमी, अलिबाग

गेल्या दिवाळीत रेवदंड्याच्या किनाऱ्यावर तासभर थांबले होते. सातखणी मनोऱ्याखाली फोटो काढणारे एक गृहस्थ तेव्हा आपल्या मुलांना सांगत होते की, पोर्तुगीजांना हे काम पुरे करता आले नाही, म्हणून हा मनोरा अर्धाच राहिला. त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. खरोखरच तो मनोरा खालून पाहिला की, वर चढणारे गवंडी एका संध्याकाळी खाली उतरले आणि पुन्हा आलेच नाहीत, असे वाटते. पण ज्याचे नावच ‘सातखणी’ आहे तो चार खणांवर, म्हणजे मजल्यांवर, थांबला कसा, हा प्रश्न मी घरी घेऊन आले आणि पेणच्या मामांना विचारला. मामांनी पन्नास वर्षे गवंडीकाम केले आहे. दगडी काम, चुन्याचे काम आणि पुढे सिमेंटचेही. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला, परत दिला आणि म्हणाले, “राहिलेलं काम वेगळं आणि मोडलेलं काम वेगळं, बाय. पण ते कागदावर दिसत नाही. दगडाजवळ जायला हवं.”

म्हणून हा प्रवास. जायचेच आहे तर किनाऱ्यावरची आणखी काही बांधकामे पाहून यावीत, असे ठरले. पुरे झालेले एक, मोडलेले एक, हल्ल्याच्या छायेत उभे केलेले एक आणि खरोखरच अपुरे राहिलेले एक. दिवस मामांनीच निवडला, आणि तोही पंचांगावरून. कोळी लोकांचा हिशेब साधा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ निघते आणि तिच्यापुढे सहा तासांनी, थोडी मिनिटे इकडेतिकडे धरून, पूर्ण ओहोटी येते. दशमीला दहा पाऊण साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला भरती आणि दुपारी दीडच्या सुमारास ओहोटी. कुलाबा किल्ल्यात पायी जायला ही वेळ सोयीची होती.

पेणहून एसटीने अलिबागला उतरलो, भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली आणि साडेबाराच्या सुमारास ओल्या वाळूवरून किल्ल्याकडे चालू लागलो. मध्ये एका ठिकाणी घोट्याच्या वर पाणी होते, बाकी वाट कोरडीच होती. या किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १९ मार्च १६८० रोजी सुरू केले असे मानले जाते, आणि ३ एप्रिलला रायगडावर महाराजांचे निधन झाले. जेमतेम पंधरा दिवसांचे काम मागे ठेवून धनी गेला, आणि तरीही हा किल्ला अपुरा राहिला नाही. संभाजी महाराजांनी तो पुरा केला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात तर तो मराठी आरमाराचे मुख्य ठाणे झाला. अपुऱ्या कामांच्या शोधात निघाल्यावर पहिला मुक्काम इथे असावा, असा माझाच आग्रह होता, कारण काम पुरे होण्यासाठी मागून कोण येते यावर किती अवलंबून असते, ते इथे समजते.

मामांचे लक्ष मात्र तटाकडे होते. समुद्राकडच्या बाजूला प्रचंड चिरे एकमेकांवर नुसते रचले आहेत; मध्ये चुना नाही. त्यांनी एका फटीत मनगटापर्यंत हात घातला. आत कालवे धरली होती, आणि भरती उतरून पाच तास झाले तरी फटीतून पाण्याची बारीक धार अजून गळत होती. लाट येते ती फटींत शिरते, आतल्या आत फुटते आणि तिचा जोर मरतो. भिंत सलग असती तर तोच धक्का तिला छातीवर घ्यावा लागला असता. मामा म्हणाले की, असे काम करायला चुना वाचवण्याची नव्हे, दगड बसवण्याची अक्कल लागते, कारण चुना चूक झाकतो आणि इथे झाकायला काहीच नाही.

आतल्या सिद्धिविनायकाच्या देवळावर माघी चतुर्थीची तोरणे अजून होती, झेंडू सुकलेला. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्लिश तोफा आहेत. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल आहे, म्हणजे आंग्र्यांचे राज्य खालसा झाल्यानंतरच्या त्या आहेत. बहुतेक लोक फोटो तिथेच काढतात. चार वाजायच्या आत परतलो.

दुसरा दिवस : एकादशी, चौल आणि रेवदंडा

सकाळी चौलमध्ये रामेश्वराचे दर्शन घेऊन नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्याने रेवदंड्याकडे गेलो. रेवदंड्यात किल्ला शोधावा लागत नाही, कारण गावच किल्ल्यात आहे. हमरस्ता तटातून आत येतो आणि तटातूनच बाहेर पडतो. १५२१ साली पोर्तुगीजांना अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून इथे कोट बांधण्याची परवानगी मिळाली आणि १५२४ मध्ये पहिले बांधकाम पुरे झाले. त्याआधी १५०८ मध्ये याच खाडीच्या तोंडाशी मोठी आरमारी लढाई होऊन पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा मारला गेला होता. १५७० ते ७१ या काळात मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा तटापर्यंत आल्या, पण जागा पोर्तुगीजांकडेच राहिली. वसई पडल्यावर, १७४० च्या तहाने, ती मराठ्यांकडे आली. इतक्या सगळ्या इतिहासातून आज दुरून दिसते ते एकच: माडांच्या शेंड्यांवर मान काढून उभा असलेला सातखणी मनोरा.

आम्ही थेट त्याच्याकडे गेलो नाही. मामांना आधी लांबून पाहायचे होते. किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत उभे राहून त्यांनी डोळा बारीक केला, अंगठा पुढे धरला आणि मनोऱ्याची कड त्याच्याशी जुळवून पाहिली. ओळंब्यात आहे, असे ते म्हणाले. चारशे वर्षे समुद्राचा वारा एका बाजूने लागूनही कड सरळ आहे. मग जवळ गेलो.

फ्रान्सिस्कन पंथाच्या मठाशी आणि चर्चशी या मनोऱ्याचा संबंध सांगितला जातो. भोवती गवत, पडलेल्या भिंतींचे तुकडे, एका बाजूला जुन्या तोफा. मनोरा चौकोनी आहे, आतून पोकळ. एकावर एक खिडक्यांच्या जागा आहेत आणि आत मान वर करून पाहिले की आकाशाचा चौकोन दिसतो. मजल्यांच्या तुळया कधीच गेल्या; त्या ज्या खोबणींत बसत होत्या त्या खोबण्या भिंतीत ओळीने राहिल्या आहेत. आपल्याकडे दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणतात, घरही दोन खणी किंवा चार खणी म्हणून मोजतात. इथे तोच शब्द उंचीला लावून लोकांनी नाव दिले. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी खण मोजले असणार, असा माझा साधा तर्क होता, पण नाव हा पुरावा म्हणून मामांना पुरेसा वाटत नव्हता. नाव हौसेनेही ठेवतात, असे त्यांचे म्हणणे.

त्यांनी पाहिले ते वेगळेच. प्रथम वरची कड. काम थांबवायचे झाले तर गवंडी थर पुरा करून थांबतो, आणि भिंत पुढे न्यायची असेल तर टोकाला एकाआड एक दगड बाहेर सोडून ठेवतो, म्हणजे नंतरचे काम त्यात अडकते. अपुऱ्या कामाची कड म्हणून पायऱ्यांसारखी नेमकी असते. या मनोऱ्याची वरची कड तशी नाही. एका कोपऱ्यात उंच, दुसऱ्या कोपऱ्यात खाली घसरलेली, मधल्या खिडकीची एक बाजू शाबूत आणि दुसरी बाजू नाहीच. “अर्धी खिडकी कोणी बांधत नाही,” मामा म्हणाले. दोन्ही बाजू एकदमच चढवाव्या लागतात, नाही तर वरची कमान बसवायची कशावर?

तरीही ते समाधानी नव्हते. कड तर नंतरही ढासळू शकते, म्हणजे अपुरे काम पुढे मोडले असेही होऊ शकेल. पुन्हा आत जाऊन ते बराच वेळ वर पाहत राहिले आणि मग मला बोलावून बोट केले. अगदी वर, मोडलेल्या कडेच्या हातभर खाली, भिंतीवर पांढुरका पापुद्रा होता. चुन्याचा गिलावा. खाली तो जवळजवळ सगळा गळून गेला आहे, पण वर, पावसाच्या आडोशाच्या कोपऱ्यात, ताटाएवढा एक तुकडा टिकला आहे. गिलावा कधीही वरून खाली करत आणतात, कारण ओला चुना खाली सांडतो आणि खालचे झालेले काम खराब होते. परांचीसुद्धा तशीच वरून खाली उतरवत आणतात. मोडलेल्या कडेला टेकून गिलावा असेल, तर त्या कडेच्या वर भिंत होती, ती पुरी झाली होती, आणि गिलावा करणारा माणूस तिथूनच खाली आला होता. हा मनोरा अपुरा राहिलेला नाही. पुरा होऊन नंतर मोडला आहे.

ताटाएवढ्या चुन्याच्या तुकड्याने माझ्या तीन महिन्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. मला त्या क्षणी फार आनंद झाला, आणि त्यापाठोपाठ काळजीही वाटली. कारण हाच तुकडा पुढच्या दोनचार पावसाळ्यांत गळून जाईल. एका बाजूच्या सांध्यांत पिंपळ रुजला आहे; त्याची मुळी आज अंगठ्याएवढी आहे, पण ती मनगटाएवढी झाली की दगड बाहेर ढकलेल. दुसऱ्या बाजूला खालच्या थरांत कोणीतरी कधीतरी सिमेंट भरले आहे. हेतू चांगलाच असणार, पण त्या पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या दगडांचे पापुद्रे सुटू लागले आहेत. चुना मऊ असतो, ओल शोषतो आणि वाळताना ती मोकळी करतो. सिमेंट ती अडवते. मग खाऱ्या हवेतली ओल बाहेर पडायला दगडाची वाट धरते, मीठ दगडात साठते आणि दगड आतून सुटतो. मामांनी स्वतः अशी दुरुस्ती आयुष्यात केली आहे, हे त्यांनी तिथेच सांगितले; एका गावच्या देवळाची ओवरी त्यांनी सिमेंटने भरली आणि दहा वर्षांनी ती पुन्हा सोडवून चुन्यात बांधावी लागली.

पर्यटनासाठी या मनोऱ्याचे उरलेले तीन खण पुन्हा बांधून तो सातखणी करावा, असे बोलणारे लोक मला भेटले आहेत. त्यांची आपल्या गावावरची माया मला मान्य आहे, पण त्यांचा विचार मला मुळीच मान्य नाही. वरचे खण कसे होते याचे चित्र कोणाजवळ नाही. आपण जे बांधू ते आपल्या कल्पनेतले असेल, आणि त्याच्या वजनाखाली खालचे खरे काम जाईल. त्याऐवजी पिंपळ मुळासकट काढावा, सांधे चुन्यानेच भरावेत, आत जाणाऱ्यांसाठी सुरक्षित वाट करावी आणि बाहेर मराठीत एक फलक लावावा, ज्यावर खण या शब्दाचा अर्थ, बांधणाऱ्यांची ओळख आणि मनोरा मोडका आहे, अपुरा नाही, एवढे स्पष्ट लिहिलेले असेल. दिवाळीत भेटलेल्या त्या गृहस्थांना आपल्या मुलांना खरे सांगता आले असते, एवढे तरी व्हायला हवे.

दुपारी पूल ओलांडून कोर्लईला गेलो. हा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून लढून घेतला. वर चढून खाडीपलीकडे पाहिले तर मनोरा पुन्हा दिसला, आणि समुद्रातून येणाऱ्या गलबताला तो किती दुरून दिसत असेल हे कळले. पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही मराठी आणि पोर्तुगीज मिसळून झालेली स्वतःची भाषा घरात बोलतात. तिला ती ‘नॉ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. दगडी मनोऱ्याचे तीन खण गेले, पण ही बोली राहिली.

संध्याकाळी चौलला मामांच्या ओळखीच्या वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, कांदे आणि बटाटे, पुन्हा पाला, मडके उपडे आणि भोवती जाळ. मामांची एकादशी होती, त्यामुळे त्यांनी शहाळे घेतले आणि वाडीच्या मालकांना त्या गिलाव्याच्या तुकड्याविषयी पुन्हा एकदा सविस्तर सांगितले.

तिसरा दिवस : द्वादशी, मुरूड आणि पद्मदुर्ग

पहाटेच्या गाडीने काशीद, नांदगाव करत मुरूडला आलो. बारा पाऊण नऊ. नवाला भरती, म्हणून होडी आठ वाजता निघाली. पद्मदुर्गाला जंजिऱ्यासारखी नेहमीची वाहतूक नाही. समुद्र शांत असला तर आणि होडीवाल्याने मनावर घेतले तरच जाता येते. उतरायला धक्का नाही. होडी खडकाजवळ नेतात आणि लाट ओसरली की गुडघाभर पाण्यात उडी मारायची. सत्तरी ओलांडलेल्या मामांना दोन तांडेलांनी हात देऊन उतरवले.

कोळी लोक या किल्ल्याला कासा म्हणतात. राजपुरीसमोरचा जंजिरा सिद्दीच्या ताब्यात, आणि त्याच्या डोळ्यांसमोर, उघड्या समुद्रातल्या खडकावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला उभा केला. जानेवारी १६७५ मधले महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले. पद्मदुर्गाच्या कामासाठी आणि आरमारासाठी जो ऐवज पोहोचवायचा तो त्याने पोहोचवला नव्हता. पत्रातला राग आजही वाचताना जाणवतो: पद्मदुर्ग वसवून ‘राजपुरीच्या उरावरी दुसरी राजपुरी’ केली आहे, त्याला मदत व्हावी, पाणी-फाटी पोहोचावी, ते सोडून तुम्ही आरमार खोळंबून ठेवता, असा चाकर ब्राह्मण असला म्हणून त्याचा मुलाहिजा कोण ठेवील, असा त्याचा आशय. बांधकामे अपुरी कशी राहतात याचे याहून नेमके वर्णन माझ्या वाचनात नाही. शत्रूच्या तोफांनी जेवढे काम थांबत नाही तेवढे वेळेवर न आलेल्या धान्याने, पाण्याने आणि पैशाने थांबते. मामा हे ऐकून गप्प राहिले आणि मग म्हणाले की, खडी वेळेवर आली नाही म्हणून चार चार दिवस बसून काढलेले गवंडी त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत, पण त्यांच्यासाठी कोणी असे पत्र लिहिल्याचे ऐकले नाही.

किल्ल्याचे दोन भाग आहेत: मुख्य दुर्ग आणि त्याच्यासमोर सुटा पडकोट, म्हणजे बाहेरचा कोट. पडकोटाचा मोठा बुरूज लांबूनच ओळखता येतो, कारण त्याच्या माथ्यावरच्या चर्या, म्हणजे दगडी कंगोरे, कमळाच्या पाकळ्यांसारख्या घडवल्या आहेत. पद्मदुर्ग हे नाव ज्याने पाहिले त्याला पटावे, असे ते काम आहे. तोफांच्या माऱ्यात, समुद्राच्या खडकावर, पाणीसुद्धा होडीने आणावे लागत असताना कोणीतरी पाकळीची गोलाई साधत बसला होता, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटले.

पण ज्यासाठी इथे यायला हवे ते पडकोटाच्या भिंतीत आहे. कुलाब्याला चुना नव्हता. इथे दोन चिऱ्यांच्या मध्ये बोटभर जाडीचा चुना आहे. साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने दगड झिजला आहे, काही ठिकाणी वीतभर आत गेला आहे, आणि चुना मात्र जिथे भरला होता तिथेच उभा आहे. म्हणजे दगडांच्या जागी खळगे आणि त्यांच्याभोवती चुन्याच्या पातळ भिंती, मधाच्या पोळ्यासारख्या. मी त्या कडेवर नखाने हलकेच टोकले. नख मोडले असते, चुना नव्हे. मामांनी हात लावला नाही. त्यांनी खाली बसून पोळ्याच्या एका घरात डोळा लावून पाहिले, बराच वेळ. चुन्यात शिंपल्यांचे बारीक पांढरे तुकडे दिसत होते. घाण्यात बैलांनी दिवसच्या दिवस मळलेला चुना, असे ते म्हणाले. आज एवढा वेळ कोण देणार?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपले सागरी किल्ले आहेत. त्याचा अभिमान आहेच. आम्ही या प्रवासात पाहिलेल्यांपैकी एकही त्या यादीत नाही, आणि पडकोटाच्या पोळ्यासमोर उभे राहिल्यावर हे मनाला लागते. यादीत नसलेल्या जागेकडे लोक कमी येतात, हे आज या चुन्याच्या पथ्यावर पडते आहे, हेही खरे. उद्या इथे धक्का झाला आणि दिवसाला शंभर माणसे त्या कडांवर पाय देऊन फोटो काढू लागली, तर समुद्राला जे साडेतीनशे वर्षांत जमले नाही ते पाच वर्षांत होईल. धक्का व्हावा, पण त्याआधी पडकोटाभोवती हात लावू नये असे अंतर राखणारी वाट व्हावी.

पाणी उतरू लागले तसा तांडेलाने हाका मारायला सुरुवात केली. उशीर झाला तर होडी खडकाला लागते.

चौथा दिवस : त्रयोदशी, राजपुरी

सकाळी शिडाच्या होडीने जंजिरा पाहिला. राजपुरीच्या बाजूचा दरवाजा तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत, बुरुजावर कलाल बांगडी तोफ आहे. हे सगळे सर्वांना ठाऊक आहे आणि होडीवाले ते उत्तम सांगतात. हा किल्ला आरमाराने घेता आला नाही. मोरोपंतांच्या मोहिमेत लाय पाटील या कोळी सरदाराने रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावल्या होत्या, पण मागून यायची कुमक वेळेत आली नाही आणि शिड्या काढून परत फिरावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. दर्यावर्दी माणसाला पालखी काय करायची, असे त्याने नम्रपणे सांगितल्यावर ‘पालखी’ नावाचे गलबत दिले, अशी कथा इकडे सांगतात.

मला पाहायचे होते ते जंजिऱ्याच्या बाहेर, पाण्याखाली आहे. समुद्रावरून किल्ला घेता येत नाही म्हणून १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रच बुजवायला घेतला. राजपुरीच्या किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत दगड, माती आणि लाकडे टाकून बांध घालायचा आणि फौज पायी न्यायची, असे ते काम. काम सुरू असतानाच मोगल सरदार हसन अलीखान कल्याणच्या बाजूला उतरला, महाराजांना परतावे लागले, आणि दादाजी रघुनाथ यांना मागे ठेवूनही जंजिरा हाती आला नाही. या प्रवासात पाहिलेल्या सगळ्या कामांत खरोखर अपुरे राहिलेले काम हेच. आणि त्याला फलक नाही, तिकीट नाही, रेखाचित्र नाही.

तेरा पाऊण पावणेदहा. म्हणून ओहोटी पावणेचारच्या सुमारास. आम्ही साडेतीनला पुन्हा धक्क्यावर आलो आणि सकाळच्याच होडीवाल्याला म्हटले की, किल्ल्याला जायचे नाही, मधेच थांबायचे आहे. त्याला नवल वाटले नाही. बांध कुठून निघाला असे म्हातारी माणसे सांगत आली ती जागा त्याने किनाऱ्यावर दाखवली आणि होडी त्या रेषेत घातली. काठाजवळ पाणी गढूळ होते, पण उथळ. वल्हे खाली लावले की दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज येत होता. हे दगड बांधाचे की खडकाचे, ते वल्ह्याने ठरत नाही. आणखी पुढे गेल्यावर वल्हे टेकेनासे झाले.

तिथे मामांनी त्याला नांगराची दोरी सोडायला सांगितली. दोरी त्याच्या हातांतून सरत गेली आणि तो वावांत, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापाने, मोजत गेला. नांगर टेकल्यावर मामा किनारा आणि किल्ला यांच्याकडे आळीपाळीने पाहू लागले. पाण्यात दगड टाकला तर त्याचा ढीग उभा राहत नाही, पसरतो; जेवढी खोली तिच्या दीडपट पसारा एका बाजूला आणि तेवढाच दुसऱ्या बाजूला, आणि वर सैन्य जाईल एवढी रुंदी. ओहोटी-भरतीचा ओढ तर बांध पुढे सरकेल तसा वाढणार, कारण पाण्याला जायला जागा कमी उरते. शेवटचा टप्पा म्हणजे सर्वांत अवघड, आणि तोही जंजिऱ्याच्या तोफांच्या तोंडाशी. मामा हिशेब तोंडाने करत होते. एका मोठ्या मचव्यात किती दगड मावेल, दिवसात किती खेपा, किती माणसे. मध्येच ते थांबले आणि म्हणाले, “झालं असतं. सहा-सात पावसाळे मिळते तर झालं असतं, बाय.” होडीवाला म्हणाला की, त्याचे आजोबाही हेच म्हणायचे.

परतताना मी मामांना विचारले की, इथे काही उभारावे का, निदान किनाऱ्यावर एखादी खूण. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. धक्क्यावर उतरून पाय पुसताना ते म्हणाले की, खूण करायची तर बांध जिथून निघाला तिथे करावी, पाण्याकडे तोंड करून, आणि ती उंच नको. पाहणाऱ्याची नजर तिच्यावर अडता कामा नये. मला ते पटले. जोत्याएवढा एक ओटा, त्यावर बांधाची रेषा कोरलेली आणि खाली साल, एवढे पुरे.

आमची पेणची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. मामा धक्क्याच्या कठड्यावर बसून अजून पाण्याकडे पाहत होते. भरती लागली होती आणि काठाजवळचा गढूळ पट्टा हळूहळू निळा होत होता. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले.

“उद्या चतुर्दशी. चौदा पाऊण साडेदहा. म्हणजे ओहोटी साडेचारला, आणि आजच्यापेक्षा पाणी आणखी खाली जाईल.”

मी खोलीच्या मालकांना आणखी एक रात्र राहणार असल्याचे सांगून आले.